सर्वेशच्या बहिणीची साक्ष

पहिला दगड देवळाच्या पत्र्यावर आदळला, तेव्हा डॉ. क्षिप्रा ताम्हाणे कुंडलिकच्या ओटीवर चहा पीत बसली होती. दुसरा तिच्या कानाजवळून गेला आणि रमाबाईंच्या कपाळावर बसला. रमाबाई खाली बसल्या. पदराखालून रक्त ओघळून कपात पडलं.

आंबिवलीच्या पलीकडचं हे गाव क्षिप्राने वीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा पाहिलं. डोंबिवलीची, कायस्थांच्या घरातली मुलगी, एम.ए.ला समाजशास्त्र घेतलेली. गावदेवीच्या जत्रेत बोकडाची मान तुटली आणि ती जागच्या जागी कोसळली. पुजारी कुंडलिकच्या बायकोने, रमाबाईंनी, कांदा फोडून नाकाशी धरला. कुंडलिक पोट धरून हसला. "परत ये गो पोरी," तो म्हणाला. "दोनतीनदा बघशील तं डोलं मिटनार नाय."

ती परत गेली, दर चैत्रात गेली. त्या जत्रेवर तिची पीएचडी झाली, ठाण्याच्या कॉलेजात नोकरी लागली, मग विद्यापीठात. कल्याण तालुक्यातल्या गावदेवींवरचं तिचं पुस्तक परदेशातही वाचलं गेलं. वर्गात ती ठासून सांगायची, "देव कोणाचा, हे भांडण देवाबद्दल नसतंच. जमिनीबद्दल असतं." मुलं ते लिहून घ्यायची.

धाकट्या भावाला, सर्वेशला, तीच एकदा जत्रेला घेऊन गेली होती. कुंडलिकच्या पंगतीत बसून त्याने प्रसादाचं मटण बोटं चाटून खाल्लं होतं. पुढे गावाच्या शेतांवर टॉवर उभे राहिले आणि सर्वेशने नवव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. "जागा चांगली आहे रे," असं क्षिप्रानेच सांगितलं होतं. मग एका चैत्रात त्याच्या मुलीने, ऐश्वर्याने, बाल्कनीतून बोकड कापताना पाहिला. ती ओकली, दोन दिवस जेवली नाही. सर्वेशने मटण सोडलं. सोसायटीचा सेक्रेटरी झाला आणि बळी बंद करा म्हणून अर्जांमागून अर्ज करत सुटला. कुंडलिकने आपण होऊन देवळाभोवती ताडपत्री बांधली. पण आता प्रश्न दिसण्याचा राहिला नव्हता.

जत्रेच्या आधी आईकडे दोघं भावंडं समोरासमोर आली.

"तुझ्या संशोधनासाठी माझ्या मुलीने रक्त बघायचं का?"

"ते गाव तुझ्या टॉवरच्या आधीपासून तिथे आहे, सर्वेश."

"सतीपण आधीपासूनच होती, ताई."

हा मुद्दा आपल्याला सुचायला हवा होता, असं क्षिप्राला वाटून गेलं.

आता, जत्रेच्या दिवशी, टॉवरची माणसं देवळाच्या तोंडाशी आली होती. पुढे बॅनर धरलेली नोकरदार मंडळी, मागे शहाडहून बाइकवर आणलेली पोरं, हातात क्रिकेटचे स्टंप. गावातून बांबू निघाले. बंदोबस्ताचे दोन हवालदार मध्ये पडले आणि तितक्याच वेगाने बाजूला झाले. कोणाची तरी बाइक पेटली. कुंडलिकचा पुतण्या सूरज कोयता घेऊन धावला. टॉवरच्या वॉचमनने चेहऱ्यासमोर हात धरला होता. त्याची तीन बोटं मातीत पडली. क्षिप्राने ते डोळ्यांदेखत पाहिलं.

कुंडलिक देवीच्या दारात बोकडाची दोरी धरून उभा होता. पोरं बोकड ओढत होती, तो सोडत नव्हता. एक स्टंप त्याच्या मनगटावर पडला. हाड मोडल्याचा आवाज आला, तरी त्याने दुसऱ्या हाताने दोरी धरली. मग स्टंप डोक्यावर पडला, एकदा, पुन्हा एकदा. क्षिप्रा धावली, मारणाऱ्याची कॉलर तिने मागून पकडली. त्याने वळता वळताच स्टंप फिरवला. तिचा जबडा मोडला, दोन दात तोंडातच सुटे झाले.

"ताई?" सर्वेश म्हणाला.

त्याने हातातल्या स्टंपकडे पाहिलं. तो टाकला आणि पळाला.

कुंडलिक तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्येच वारला. क्षिप्रा त्याच मजल्यावर होती, जबडा तारांनी बांधलेला. तिची आई, सुमती, पलंगाशी येऊन बसली.

"तुझं काय गेलं गं? दोन दात. ते बसवून मिळतात. त्याला आत टाकलंस तर माझा मुलगा मला कोण देणार?"

क्षिप्राने आईचा हात धरला. आईने तो सोडवून घेतला.

दुपारी इन्स्पेक्टर आले. "मॅडम, गर्दी होती. चेहरा दिसला नसेल," असं त्यांनीच सुचवून पाहिलं.

"दिसला," ती बांधलेल्या दातांमधून म्हणाली. "माझा भाऊ होता. आणि वॉचमनची बोटं सूरजने तोडली. तेही लिहा."

एका मासिकाने त्या दिवसावर लेख मागितला. ती सुरुवातही करू शकली नाही.

अडीच वर्षांनी खटला उभा राहिला. कल्याणच्या कोर्टात सर्वेशच्या वकिलांनी तिचंच पुस्तक उघडलं. "तुम्ही लिहिलंय, जमावात माणूस माणूस राहत नाही, त्याची ओळख पुसली जाते. मग अशा जमावात तुम्ही एकाला ओळखलंत कसं?"

क्षिप्राने पिंजऱ्यातल्या भावाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

"ते मी चुकीचं लिहिलं," ती म्हणाली. "तो सर्वेशच होता. त्याने मला ताई म्हणून हाक मारली."

सर्वेशला दहा वर्षांची शिक्षा झाली, दुसऱ्या खटल्यात सूरजला पाच. कोर्टाच्या जिन्यावर सर्वेशची बायको विनिता पुढे आली आणि तिने क्षिप्राच्या मोडून सांधलेल्या गालावर सणसणीत चपराक मारली. वळून पाहणाऱ्यांत गावातली माणसंही होती. कोणी मध्ये आलं नाही. कोणी यावं असं क्षिप्रालाही वाटलं नाही.

चैत्र लागल्यावर ती रमाबाईंकडे गेली. दार अर्धंच उघडलं.

"तुझ्यावर राग नाय माझा," रमाबाई म्हणाल्या. "माझे मान्साला मारला त्याचं नाव तू सांगलंस. पन सूरजचंबी सांगलंस. त्याची आय समोर ऱ्हाते. रोज तोंड बघते माझं. आता तू येव नको, पोरी."

आतून भाजलेल्या सुकटाचा वास येत होता. क्षिप्राला रडू येत होतं, पण दारात रडायचा हक्क आपला नाही हे तिला कळत होतं.

"बरं," ती म्हणाली. बोलताना जबडा कटकन वाजला. रमाबाईंनी दार लावून घेतलं, आणि ती स्टेशनच्या रस्त्याला लागली.