पलंगासकट ऐतिहासिक

आमचं घर शहरातल्या ऐतिहासिक घरांत गणलं गेलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला. कारण घरातली जुनी वस्तू आता परवानगीशिवाय हलवता येणार नव्हती. आई मला मामाच्या टायरच्या दुकानात कामाला पाठवायच्या मागे लागली होती आणि मी कॉलेज सुटल्यापासून खिडकीजवळच्या पलंगावर पडून होतो.

"आता मला हलवणं बेकायदेशीर आहे," मी तिला समजावलं.

"तू काय वस्तू आहेस?"

"तूच म्हणतेस ना, नुसता दगड आहे म्हणून!"

"थांब, वारसा खात्याच्या साहेबांनाच विचारते."

साहेब तपासणीला आले. त्यांनी तुळया ठोकून पाहिल्या, दारांच्या कड्या ओढून पाहिल्या. मी श्वास रोखून जमेल तितका ऐतिहासिक पडून राहिलो. त्यांनी पलंगावर टकटक केलं.

"अस्सल सागवान. हा हलवायचा नाही."

मी डोळ्यांनीच आईला खिजवलं.

"आणि त्याच्यावर पडलंय ते?" आईने विचारलं.

साहेबांनी चष्मा वर करून मला न्याहाळलं. "किती जुनं आहे?"

"सव्वीस वर्षांचं."

"मग खुशाल हलवा, वहिनी. नियम पन्नासच्या पुढच्यांना आहे."

आई लगेच माझी बॅग काढायला गेली. तेवढ्यात आरामखुर्चीतून बाबांचा आवाज आला, "साहेब, मी अठ्ठावन्नचा आहे."

सोमवारपासून मी मामाकडे टायर उचलतोय. बाबांना मात्र परवानगीशिवाय भाजी आणायलाही पाठवता येत नाही.