पुलाजवळची राख

सन बासष्टच्या हिवाळ्यात आमच्या गावावरून ढोकीला जाणारा रस्ता डांबरी होत होता. आधीच्या खडीच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी मुरमाची पट्टी होती आणि आम्हा सायकलवाल्यांचा खरा रस्ता तीच. मागून भोंगा वाजला की हँडल जरा डावीकडे कलवायचं, मोटार गेली की पुन्हा वर यायचं. रस्ता रुंद करायला ती पट्टी उकरली आणि तिथं गुडघाभर चर राहिला. ट्रक आणि एसट्या तर पहिल्यापेक्षा जोरात पळू लागल्या.

माझे दाजी बब्रुवान रोज सकाळी सायकलीला दुधाच्या दोन किटल्या अडकवून ढोकीच्या हॉटेलांना दूध घालायचे. ओढ्यावरच्या पुलाजवळ रस्ता अरुंद. तिथं ते दोनदा पडले. दुसऱ्या वेळी ट्रकचं चाक त्यांच्या हातापासून वीतभरावरून गेलं. माझी बहीण तारामती तेव्हापासून ते घरी येईपर्यंत दारातून हलायची नाही.

आम्ही आठ-दहा सायकलवाले शरणप्पा गुरुजींना पुढं घालून रस्त्याच्या मुकादमाकडं गेलो. गुरुसिद्धप्पा त्याचं नाव, माणूस सरळ. खडी दाबून झाल्याशिवाय मुरूम येत नाही, अजून पंधरा दिवस तरी लागतील, असं त्यानं सांगितलं. माझ्या हातात असतं तर आजच चर भरला असता, असंही म्हणाला.

पंधरा दिवस मला लई वाटले. गुऱ्हाळाच्या चुलवणात चिपाडं घालायचं काम माझं. उसाचा रस काढून वाळवलेली ती चिपाडं जाळून गूळ शिजायचा आणि राख पोत्यांनी निघायची. ती राख आठ दिवस ढिगात ठेवायची, मगच शेतात टाकायची, अशी आमच्याकडची रीत. वरून थंड दिसली तरी पोटात विस्तव राहतो, हे नव्या गड्यांना मीच सांगत असे.

अमावस्येला गुऱ्हाळ बंद होतं. जुना ढीग आधीच शेतात गेला होता, म्हणून सकाळी चुलवणातून काढलेलीच राख मी दुपारी गाडीत भरली. पुलाजवळचा दहा पावलं चर त्या राखेनं भरला. ओढ्याच्या बारा बादल्या पाणी ओतलं. राख फुसफुसली, मग गप्प झाली. वर कडेला उरलेल्या मुरमाचा हात फिरवला, वहाणेनं दाबून पाहिलं. टणक लागलं. घरी कुणाला बोललो नाही. दाजी सायकलीवरून न उतरता पूल ओलांडतील आणि घरी येऊन नवल सांगतील, तेव्हाच सांगायचं ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मला गुऱ्हाळावरून बोलावून नेलं. दाजी बाजेवर होते. मागून ट्रक आला म्हणून त्यांनी सायकल कडेला घेतली आणि चाक आत गेलं. तोल सावरायला टेकलेला डावा पाय गुडघ्यापर्यंत राखेत रुतला. मागच्या दोघांनी त्यांना ओढून काढलं. वहाणेचा पट्टा कातडीला चिकटला होता. तो वास माझ्या ओळखीचा नव्हता. तारामती पायावर पदरानं वारा घालत होती आणि तिचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. मी उंबऱ्यातच उभा राहिलो.

डॉक्टर येऊन गेले. दोन बोटं बहुधा काढावी लागतील म्हणाले. संध्याकाळी दिवेलागणीला सगळे सायकलवाले ओसरीवर जमले. डांबर तापवायच्या भट्टीतले निखारे रस्त्याच्या माणसांनीच चरात टाकले, हे प्रत्येकानं आपापल्या तोंडानं पक्कं करून टाकलं होतं. गुरुजींनी अर्ज लिहिला आणि वाचून दाखवला. मुकादम गुरुसिद्धप्पा यांना कामावरून काढून टाकावे, अशी शेवटची ओळ होती. एकेकानं सही केली, अंगठा उठवला. शाईची डबी माझ्यापुढं आली.

"बिरदेव, तुझा अंगठा," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, राख माझी हाय."

दाजी बाजेवरून म्हणाले, "मेव्हण्या, मस्करी आज नको. पाय लई जळतोय."

"चुलवणातली हाय, दाजी. काल म्याच टाकली. तुमी पडू नये म्हनून."

तारामतीचा पदर हवेतच थांबला. दाजी माझ्याकडं असे बघत राहिले, की जणू मी आत्ताच आत आलो आणि मला ते ओळखत नाहीत.

"कधी काढलेली?" त्यांनी विचारलं.

"कालच."

"कालची राख." त्यांनी डोळे मिटले. "तू चुलवणापुढचा माणूस. तुला कळलं न्हाय व्हय?"

मी शाईची डबी गुरुजींपुढं सारली.

गुरुजींनी तो कागद फाडला. दुसरा लिहिला त्यात मुकादमाचं नाव नव्हतं. आधी पट्टी भरा, मग वाहनं सोडा, एवढी मागणी होती. खाली राख कुणी टाकली तेही लिहिलं. लिहू का, असं गुरुजींनी विचारल्यावर दाजीच म्हणाले होते, "लिवा. दुसऱ्याच्या पोटावर पाय नको." मी अंगठा दाबला.

सकाळी तारामतीनं दुधाच्या किटल्या आणून माझ्या सायकलीला अडकवल्या. पुलाजवळ पोचलो तेव्हा गुरुसिद्धप्पाची माणसं राख उपसून चर रिकामा करत होती. तेवढ्यात मागून भोंगा वाजला. मी सायकलीवरून उतरलो आणि रस्त्याच्या कडेवर उभा राहिलो. खाली नुसती माती होती, उघडी, थंड. भोंगा पुन्हा वाजला. ट्रक जवळ आला, कचकन थांबला, ड्रायव्हर शिव्या देऊ लागला. चरातला एक गडी फावडं टाकून माझ्याकडं बघत राहिला. किटल्यांतलं दूध हिंदकळत होतं आणि माझे पाय काही केल्या चरात उतरेनात.