भोजन सौजन्य

बाळूनं फ्लेक्सची गुंडाळी टेबलावर उलगडली आणि ती परत मिटू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चहाचे चार ग्लास ठेवले. मधोमध वेणूचा फोटो होता. हिरवी साडी, नाकात नथ, हात जोडलेले. खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं: ‘आजचे भोजन सौजन्य – सौ. वेणू म्हात्रे आणि खारकोंडच्या समस्त महिला.’ कुणाशी सामना होता ते त्याखाली, अगदी बारीक.

“यो बघ पुरावा,” दारात चपला काढणाऱ्या वेणूला बाळू म्हणाला. “आपल्याच पैशानं छापलेला.”

वेणू आत येऊन भिंतीपाशी उभी राहिली. फुटबॉल क्लबाच्या या खोलीत ती अकरा वर्षांत अनेकदा आली होती, पण रिकामे टोप न्यायला. बस म्हणून कुणी म्हटलं नव्हतं, आणि तिलाही कधी वेळ नव्हता. आज अध्यक्ष दाजींनी स्वतः खुर्ची पुढे सरकवली, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली.

प्रकरण काय ते साऱ्या गावाला तोंडपाठ होतं. खाडीकाठ लीगनं दोन वर्षांपूर्वी नियम केला, की पैसेवाल्या क्लबांनी सगळे खेळाडू विकत घेऊ नयेत म्हणून प्रत्येकानं ठरलेल्या मर्यादेतच खर्च करायचा. आणि प्रायोजकानं रोख न देता वस्तू दिली, तर तिचा बाजारभाव धरायचा. नियम चांगलाच होता. खारकोंडनं तर दोन्ही हात वर करून मत दिलं होतं. पण खारकोंडची एक रीत होती. सामना जिंको वा हरो, पाहुणा संघ शिवेबाहेर उपाशी जायचा नाही. वेणू आणि गावातल्या आठ-दहा बाया घरच्या तांदळाच्या भाकऱ्या, बांगड्याचं कालवण, कधी कोलंबी असं शंभर-सव्वाशे पानं जेवू घालत. यंदा क्लबाचा कारभार बघणाऱ्या बाळूला हुक्की आली. एवढं करतात तर बायांचे आभार मानायला हवेत! आणि पनवेलकडच्या माणसाला आभार मानायचे म्हणजे फ्लेक्सच लागतो. झालं! द्रोणागिरीकडच्या क्लबानं फोटो काढून तक्रार ठोकली. सौजन्य म्हणजे प्रायोजक, प्रायोजक म्हणजे बाजारभाव, आणि बाजारभावानं खारकोंडची मर्यादा कधीच उडाली. सहा गुण कापायचे. सहा गुण गेले की पहिल्या गटातला तिसरा नंबर थेट तळाला आणि क्लब नव्या हंगामात दुसऱ्या गटात. लवादापुढची सुनावणी उद्यावर आली होती.

गेला महिनाभर मैदानावर, सलूनमध्ये, रिक्षा स्टँडवर याच एका विषयाचा कीस पडत होता. गावाशेजारच्या नव्या टॉवरमध्ये राहणारा निनाद, जो दर रविवारी क्लबाचा लाल टी-शर्ट घालून मैदानावर यायचा, तो सांगे की इंग्लंडातले मोठाले क्लबसुद्धा अशाच नियमांपायी वर्षानुवर्षं वकिलांच्या दारात उभे असतात. एरवी गप्प बसणारी म्हातारी माणसंही हे ऐकून सुखावत. आपला क्लबही काही लहान नाही, असं त्यांना वाटे. बाळूला मात्र रात्रीची झोप नव्हती, कारण फ्लेक्स त्यानं छापला होता.

“काकू, बसा ना,” कोपऱ्यात बसलेला निनाद म्हणाला. तेव्हा ती बसली.

वकीलबाई अरुंधती पनवेलच्या कोर्टातून थेट आल्या होत्या. त्यांनी एक टाइप केलेला कागद वेणूपुढे ठेवला. वेणूनं तो बोट ठेवून, ओळ न सोडता वाचला. जेवण म्हणजे साधा डाळभात होता, तो क्लबानं स्वस्तात करून घेतला, फलकावर आपलं नाव छापणाऱ्याच्या चुकीनं पडलं, आणि आपला त्या जेवणाशी काही संबंध नाही, असं त्यात वेणू स्वतःच म्हणत होती. खाली फक्त तिची सही हवी होती.

ती कागदाकडे बघत राहिली. डाळभात! पहाटे तीनला उठून तांदळाचं पीठ उकडणाऱ्या बाईला हा शब्द गालावर बसल्यासारखा लागला.

“दुसरा रस्ता नाय?” तिनं विचारलं.

अरुंधतींनी चष्मा काढून पुसला. होता, त्या म्हणाल्या. नियमातच सूट होती. सभासदांनी आपल्या क्लबासाठी स्वतःहून केलेलं काम किंवा दिलेली वस्तू धरत नाहीत. मैदानाला पाणी मारणारे, गाडीतून पोरांना नेणारे, जाळी शिवणारे, यांचा कुणी बाजारभाव काढत नाही.

“म्हणजे या बायका सभासद असत्या, तर ही केस उभीच राहिली नसती.”

दाजींनी सभासदांचं रजिस्टर आपल्याकडे ओढलं, पण उघडलं नाही. उघडायची गरजच नव्हती. एकतीस वर्षांत तीनशे नावं, त्यात बाई एक नाही. कुणी मज्जाव केला होता असंही नाही. कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“वर्गणी किती हाय?” वेणूनं विचारलं.

“एक्कावन,” दाजी म्हणाले. “सालाचे.”

वेणू हसली, पण ते हसू काही बरं नव्हतं. एकेका सामन्याला तिचे नुसते नारळच याहून जास्त लागत.

बाळू मात्र उठून उभा राहिला होता. त्याच्या चेहऱ्यावर महिन्याभरानं रंग आला. मागल्या सालचं पावतीपुस्तक अर्धं कोरं पडलंय, त्याची जीभ भराभर चालू लागली. दहा पावत्या फाडायच्या, गेल्या जूनची तारीख टाकायची, रजिस्टरात जागा सोडलेल्या ओळी आहेतच. निनाद म्हणाला की हे सरळ सरळ फ्रॉड आहे. बाळूनं त्याला विचारलं, तू टॉवरमधून बघायला आलास की खेळायला. दोघांची चांगलीच जुंपली. अरुंधती म्हणाल्या, मी हे ऐकलेलं नाही, आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. पावतीपुस्तक मात्र कपाटातून दाजींनी स्वतःच काढलं.

“वयनी,” बाळू आता वेणूकडे वळला. “डाळभाताचा कागद टाक फाडून. सभासद होऊन ज्या तुमी सगल्या. मान बी राहील, गुन बी राहतील. नायतर दुसऱ्या गटात आपले सामने बघाया कुत्रं येत नाय. मुंबईवाले यंदा भावेशला बघून गेलेत. पोराचा तरी ईचार कर.”

हे मात्र वर्मी लागलं. भावेश, तिचा एकुलता, आता या घडीला तळोज्यात कंपनीच्या दिवसपाळीवर होता. पाळी सुटली की घामट कपड्यांनिशी मैदानावर धावायचा. अकरा गोल मारले होते त्यानं. मुंबईच्या क्लबाचा माणूस फेब्रुवारीत परत येतो म्हणाला होता, नव्या हंगामातल्या पहिल्या गटाच्या सामन्यांना. वेणूला भीती वाटली, साधी आईची भीती. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. बाळूनं पेनचं टोपण काढून पेन दाजींपुढे ठेवलं.

“गेल्या जूनात तुमी आमाला ईचारला होता?” वेणू म्हणाली.

“आता त्याचा काय—”

“ईचारला होता का?”

बाळू पावतीपुस्तकाची पानं उलटू लागला.

“नव्हता ईचारला. मग तसा लिवायचा नाय. अकरा सालं आमी भायेर बसून जेवान वाढला. आता तुमचे गुन वाचवाया मागली तारीख टाकाल, आनि उद्या म्हनाल, खारकोंडात बाया पयल्यापासून सभासद हायेत. तो मान तुमी दिला नाय, बाळू. तो फुकट घ्याचा नाय.”

“आनि भावेश?” दाजींनी हळूच विचारलं.

“भावेश माझ्याच हातचा जेवून धावतो,” ती म्हणाली. “त्या जेवनाशी माझा संबंध नाय असा सांगून त्याला वर चढवू? दुसऱ्या गटात पडलो तर पडलो. पुढल्या साली खेलून वर येऊ.”

मग तिनं कमरेचा बटवा सोडला. पन्नासाची नोट आणि एक नाणं टेबलावर ठेवलं.

“फाडा पावती. आजची तारीख टाका.”

अरुंधती खिडकीपासून वळल्या. “वेणूताई, मला सांगायलाच हवं. आजच्या तारखेच्या पावतीचा उद्या लवादापुढे काडीचा उपयोग नाही.”

“ठावं हाय मना,” वेणू म्हणाली. “त्यासाठी नाय देत.”

बाळूनं तोंड फिरवलं. निनाद आपल्या बुटांकडे बघत राहिला. दाजींनी मागल्या सालचं पुस्तक बाजूला सारून चालू सालचं घेतलं. त्यांनी तारीख लिहिली, नाव लिहिलं, आणि ‘श्री.’ असा छापलेला शब्द खोडून वर सही केली. पावती फाडताना ती कोपऱ्याला थोडी फाटली. वेणूनं ती डोळ्यांजवळ नेऊन नीट वाचली, तारीख दोनदा बघितली, आणि घडी घालून बटव्यात ठेवली.

“सुनावनी किती वाजता हाय?” तिनं विचारलं.

“अकराला,” अरुंधती म्हणाल्या. “पण आता तुम्ही नाही आलात तरी चालेल. सही करायची नसेल तर साक्षीची गरज नाही.”

“साक्षीला नाय,” वेणू उठत म्हणाली. “माझ्या क्लबावर केस हाय. मी येनार.”