पाहुण्यांसाठी राखलेली तपेली

दुपारचे तीन वाजून पन्नास मिनिटे. शहाद्यात उमेदमल सेठांच्या ओसरीवर शांतिलालजी पाटावरून उठले, खांबाला धरून तसेच खाली बसले आणि त्यांना उलटी झाली. साल १९३६, महिना डिसेंबरचा. त्यांच्या वाटीतली कढी माझ्यातून वाढलेली होती.

मित्रांनो, मी पितळेची एक जुनी तपेली आहे. नाशिकच्या तांबटाने मला ठोकून घडवले आणि कल्हईवाल्याने आतून चांदीसारखे पांढरे केले. सत्तावीस वर्षांपूर्वी सेठांच्या पत्नी सज्जनबाईंच्या लग्नात मी या घरी आले. त्यांनी मला जुन्या धोतरात गुंडाळून पेटीत ठेवले. "ही पाहुण्यांची," असे त्या म्हणाल्या. तेव्हापासून मी वर्षातून फार तर चारदा बाहेर येते.

रोजच्या स्वयंपाकाला पोचे पडलेली एक भगोणी आहे. दर दिवाळीला कल्हईवाला आला की तिला नवी कल्हई मिळे. माझी पाळी आली की सज्जनबाई म्हणत, "ती कुठे रोज चुलीवर चढते?" मी पुन्हा पेटीत जाई. पाहुणे यायचे ठरले की मात्र मला आतून-बाहेरून चिंच आणि राख लावून घासत. बाहेर चमक येई. आत कल्हई झिजे.

आज सकाळी मागच्या दारी मोलकरीण रूपलीबाई मला घासत होती. ती मध्येच थांबली.

"सेठानी, मझारनी कल्हई निंघी गयी. पिव्वं दिखाई ऱ्हायनं."

सज्जनबाईंनी वाकून आत पाहिले. त्यांचा चेहरा खुलला. "मंग? सोनानी गत चमकी ऱ्हायनी ना! घास."

"मन्हं मडकं काळं शे, पन त्यामा ताक कळकत नही."

"तुन्हा दारे असा याही येतस का? घास गुपचूप."

शांतिलालजी दोंडाईच्याहून सेठांच्या मुलीची सोयरीक पक्की करायला एकटेच आले होते. दुपारी माझ्यात आंबट ताकाची कढी शिजली आणि तासभर तशीच राहिली. ताक माझ्या उघड्या पितळेला लागून कळकत, विषारी होत होते. मला ते कळत होते, पण सांगता येत नव्हते.

तीन वाजता ताट वाढले. यजमान पाहुण्यानंतर जेवतात, म्हणून सेठ शेजारी नुसते बसले.

"सेठ, कढीला चव जरा निराळीच आहे."

"पितळेतली आहे व्याहीजी! जर्मन अॅल्युमिनियमच्या भांड्यातली नव्हे."

"अजून व्याही कुठे? आधी पोट तर भरू द्या," शांतिलालजी हसले.

कढी खाली गेली तशी माझ्या काठाशी हिरवट कड दिसू लागली. ती पहिल्यांदा सून अनोखीबाईला दिसली. तिने कढीचा थेंब जिभेवर ठेवला आणि लगेच थुंकला. पण सासऱ्यांसमोर आणि पाहुण्यासमोर सुनेने बोलायचे नाही, असा घरचा रिवाज. तिने दाराआडून बांगड्या वाजवल्या.

या घरात बांगड्या वाजल्या की त्याचा अर्थ एकच असे: पाहुण्याला आग्रह करा.

"ऐकलंत?" सेठ म्हणाले. "आमची बींदणी, सूनबाई, आग्रह करतेय. अजून एक वाटी घ्या."

शांतिलालजींनी घेतली. अनोखीबाईने बांगड्या आणखी जोरात वाजवल्या. सेठांना हसू आले. "आता तर सुटका नाही!" तिसरी वाटी वाढली गेली.

तेव्हा पदर तोंडावर ओढून अनोखीबाई ओसरीत आली. "खाऊ नका. कढी कळकली आहे." लग्नाला चार वर्षे झाली होती; सेठांनी तिचा आवाज आज पहिल्यांदा ऐकला. सज्जनबाई ओरडल्या, "आत हो! सोयरीक मोडायची आहे का तुला?" पण तिसरी वाटी तोवर रिकामी झाली होती.

दूध दिले, तूप दिले. काहीच पोटात ठरले नाही. दवाखान्याचे डॉक्टर सारंगखेड्याच्या जत्रेत होते. चार वाजता त्यांच्याकडे घोडेस्वार पाठवला. पाच वाजता शांतिलालजींचे हातपाय गार पडले. ते कुजबुजले, "दिवस मावळला की पाणीसुद्धा नाही. वीस वर्षांचं व्रत आहे." त्यानंतर घरातले सगळे आळीपाळीने रस्त्याकडे आणि सूर्याकडे पाहू लागले.

मित्रांनो, मला पेटीत ठेवू नका. रोज चुलीवर चढवा, पोचे पडू द्या, धुराने काळी होऊ द्या. रोज हाताळलेल्या भांड्यात काय बिघडले ते लगेच दिसते. मला जपले, पण कोणी पाहिले नाही.

टांगा दारात थांबला तेव्हा पाच अठ्ठावन्न झाले होते. सूर्य बुडाला होता. डॉक्टरांनी औषधाचा पेला शांतिलालजींच्या ओठांना लावला आहे. "हे आत्ता घेतलं नाही तर मी जबाबदार नाही," ते म्हणाले. अनोखीबाईने पदर मागे सारला आणि शांतिलालजींच्या डोळ्यांत पाहत म्हटले, "घ्या, बाबूजी."

ओठ अजून मिटलेले आहेत.