बंद पोतं

नाल्याकाठचं ते खताचं पोतं मी लांबूनच ओळखलं. तोंडाला आईच्या जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी बांधलेली होती.

बाबांना जाऊन आठवडाही झाला नव्हता. सारी हयात एसटी चालवलेला माणूस शेवटचे महिने डायपरमध्ये होता, आणि हे आई व मी सोडून कोणालाच माहीत नव्हतं. कोणी भेटायला आलं की आधी त्यांना धुतलेला सदरा-पायजामा चढवायचा, मगच दार उघडायचं. घंटागाडीवाले पिशव्या उघडून ओला-सुका वेगळा करतात, म्हणून आईनं साठलेल्या डायपरचं हे पोतं पहाटे इथं आणून टाकलं होतं.

नगरपंचायतीचे मुकादम हरिसिंग काठीनं पोतं उलथवत होते. कळंबच्या एसटीची वाट बघणारे जवळ सरकले होते.

"खोला न हरिभाऊ," पानठेल्यावरचा पियुष म्हणाला. "पाहू तरी कोन्या लाटसाहेबाचा माल हाय."

"खोलाच लागते. नाव सापडल्याशिवाय दंड कोनाच्या नावानं फाडू?" त्यांनी गाठीत काठी घातली.

"ते माझं आहे," मी म्हणाले.

"तुमी कायले फेकान, ताई?" हरिसिंग म्हणाले. " तुमचा कचरा तं रोज गाडीत येते. कोनाले वाचवून राह्यल्या?"

"दंड लावा. फोटो काढून नगरपंचायतीच्या ग्रुपवर टाका. पोतं उघडू नका."

उघडू नका म्हटल्याबरोबर लोक आणखी पुढे आले.

"आता तं पाहाच लागन," पियुष हसला.

गाठ सैल झाली. मी काठी धरली आणि हरिसिंगांच्या कानाशी म्हणाले, "बाबांचं आहे. आजारपणातलं. त्यांनी कोणाला कळू दिलं नव्हतं."

 काठी हिसकून घेतील असं वाटलं. मग वाकून त्यांनी चिंधी पुन्हा आवळली.

"काय हाय, हरिभाऊ?"

"तुह्या ठेल्याच्या खर्र्याच्या पन्न्या हायेत. फाडू काय तुह्याच नावानं?"

लोक हसले. पियुष मुकाट्यानं तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटू लागला.

दंड मात्र सुटला नाही. पावती फाटली. बंद पोत्याशेजारी उभी करून माझा फोटोही काढला.

"हा ग्रुपवर जाइनच, थे मले रोकता येत नाही," हरिसिंग हळू म्हणाले. "पोतं घरी न्या. उद्या गाडीत द्या. मी सांगून ठेवतो, कोनी खोलनार नाही."

आई दारातच उभी होती. माझ्या हातातलं पोतं बघून तिचा चेहरा उतरला.

"खोललं काय?"

"नाही."

तिनं तांब्या आणला आणि मी आत यायच्या आधी माझ्या पायांवर पाणी घातलं.