पाइक माशानं ओढलेली होडी

पेनाचं टोक चौथ्या प्रश्नावर येऊन थांबलं, आणि गळाशी आलेला मासा घेतो की सोडतो ते बघावं तसा आर्लो त्याच्याकडे बघत राहिला... दवाखान्याचा तो फॉर्म बायकोनं भरायचा होता, लव्होननं. नवऱ्याची स्मरणशक्ती, गेल्या वर्षीच्या मानानं : सुधारली, तशीच, घसरली. वयाची घसरण आहे, थांबत नाही, पण तिचा वेग कमी करता येतो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. तेव्हापासून वर्षभर तो रोज दोन मैल चालला, बर्फातसुद्धा, मीठ तोडलं, आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी अकॉर्डियन शिकायला घेतलं—ते ऐकून शेजाऱ्याचा कुत्रा कॅनडात निघून गेला, असं तो सांगे. आज ‘घसरली’वर खूण पडली तर ट्रकची किल्ली मुलीकडे, आणि तळ्याकाठचं घर बंद.

“‘न घडलेल्या गोष्टी सांगतात का?’” लव्होननं वाचलं. “संसाराच्या बावन्न वर्षांचं लिहू, की फक्त यंदाचं?”

“यंदाचं लिही. जागा कमी आहे.”

ती हसली नाही. त्याच्या नेहमीच्या गोष्टीतला पाइक मासा त्यांची होडी इतकी वर्षं तीन मैल ओढायचा; परवा कॅफेत पाच मैल गेला, आणि तिथल्या दोस्तानं, क्लाइडनं, टोकलं, “मासा वाढला, की तू विसरलास?” सगळे हसले, तोही हसला... पण ते दोन मैल आपण मुद्दाम वाढवले होते का? थापाड्याला दुप्पट लक्षात ठेवावं लागतं—घडलं काय, आणि सांगितलं काय.

“मासा नव्हताच,” तो हळूच म्हणाला. “इंजिन बंद पडलं, माझा हात मुरगळलेला. तू वल्हवत आणलंस. लाल स्वेटर होता तुझा.” खरं सांगायची त्याला सवय नव्हती.

तिनं वर पाहिलं. “मी कुठे वल्हवलं? मासा होता की. मी दोर धरून बसले होते.”

हसू ती ओठांच्या डाव्या कोपऱ्यात लपवायची, नेहमी. तो तिथे शोधत राहिला; सापडलं नाही. तिनं ‘तशीच’वर खूण केली—किल्ली वाचली, हे त्याला कळलं, आणि तरी आत काही सैल झालं नाही.

शेवटी आजच्या तारखेची जागा होती. पेन तिथे थांबलं. तारीख त्याला पाठ होती, वारासकट. रोज सकाळी तो घोकत असे. त्यानं ती सांगितली नाही. तिला ती आठवते का, तेवढं बघत राहिला.