सत्तावीस श्वास

बारा वर्षं अण्णाप्पा आपल्या सुनेशी बोलले नाहीत, आणि तेराव्या वर्षी त्यांची वाचाच गेली.

सून म्हणजे क्रांती. जोतिबाच्या डोंगराखालच्या गावातल्या मराठा शेतकऱ्याची मुलगी. अण्णाप्पांच्या एकुलत्या एका मुलानं, वृषभनं, तिच्याशी कोल्हापुरात नोंदणी पद्धतीनं लग्न केलं, तेव्हा जैन भावकीत चार दिवस कुजबुज झाली आणि थांबली. अण्णाप्पांचं मात्र थांबलं नाही. त्यांनी ना भांडण केलं, ना शिव्याशाप दिले. फक्त तोंड मिटलं. क्रांती दर दिवाळीला जयसिंगपूरजवळच्या मळ्यात जायची, वाकून नमस्कार करायची, आणि ते भिंतीकडं बघत हात वर करायचे. चहा हवा असला तर ती समोर उभी असतानाही मुलाला हाक मारायचे, "वृषभ, च्या मिळंल का बघ."

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात ते उसाच्या फडात कोसळले. उजवा हात, उजवा पाय आणि जीभ, तिन्ही एका दमात गेली. दवाखान्यातनं सोडल्यावर मळ्यात एकटं ठेवणं शक्यच नव्हतं. वृषभनं त्यांना राजारामपुरीतल्या आपल्या फ्लॅटवर आणलं आणि गॅलरीला लागून असलेल्या खोलीत त्यांची खाट टाकली.

वृषभचं शेती अवजारांचं दुकान. तो सकाळी नऊला जायचा तो रात्रीच यायचा. क्रांती खालच्या हॉलमध्ये बायकांचे योगाचे वर्ग घ्यायची, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. म्हणजे दिवसभर अण्णाप्पांच्या वाट्याला तीच. ती त्यांना भरवायची, पुसायची, कूस बदलून द्यायची. ते डोळे मिटून घ्यायचे.

व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची. तिनं हातात दिलेला रबरी चेंडू त्यांनी डाव्या हातानं गॅलरीतनं खाली भिरकावला. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी चित्रांची कार्डं आणली. केळं, घड्याळ, बैल. चाळीस वर्षं ऊसतोडीच्या टोळ्या हाताळलेल्या माणसाला कुणी केळ्याचं चित्र दाखवून 'हे काय?' विचारावं, हे त्यांना सोसलं नाही. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. बाई आठवडाभर आल्या, मग येईनाशा झाल्या.

"आता काय करायचं गं?" वृषभनं विचारलं.

"मला तरी काय ठाऊक," क्रांती म्हणाली. खरं तर ती थकली होती. आणि थकव्याच्या तळाशी एक जुना राग होता, तो तिला आजारी माणसावर काढता येत नव्हता.

सकाळी वर्गाला जाण्याआधी ती गॅलरीत स्वतःसाठी अर्धा तास बसायची. बोटांवर श्वास मोजत, खाटेवरनं दिसेल अशा जागी. चारला आत, सहाला बाहेर. एका सकाळी डोक्यात गोळ्यांच्या वेळा, गॅस, विजेचं बिल असं सगळं घोळत होतं आणि मोजणी तीनदा चुकली. चौथ्यांदा चुकली तेव्हा आतनं खणकन आवाज आला. अण्णाप्पा काठीनं खाटेची दांडी बडवत होते.

तिला वाटलं, बाथरूमला जायचं असेल. ती धावली. ते मान हलवत राहिले. मग काठी टाकून त्यांनी डावा हात वर केला, आणि अंगठा बोटांच्या पेरांवरनं हळूहळू फिरवू लागले. एक पेर, दोन पेरं, तीन. नाकानं तीन लांब श्वास घेतले, सोडले, की अंगठा पुढं सरकायचा. नऊ पेरं झाली आणि त्यांनी तिच्याकडं रागानं पाहिलं, वर्गात मास्तर पाहतात तसं.

रात्री तिनं वृषभला विचारलं. तो हसला. "कायोत्सर्ग करतायत, आमच्यातलं ध्यान. नऊ वेळा नवकार मंत्र, सत्तावीस श्वासांत. एका नवकाराला तीन श्वास. मला लहानपणी रोज उभं करायचे. मी पळून जायचो."

क्रांतीला त्या रात्री लवकर झोप लागली नाही. योगाचं प्रमाणपत्र तिनं फ्रेम करून लावलं होतं, आणि घरातच एक माणूस साठ वर्षं श्वास मोजत आला होता.

दुसऱ्या दिवशी ती गॅलरीत गेली नाही. स्टूल ओढून खाटेजवळ बसली. "अण्णा, मला शिकवा."

त्यांनी तिच्याकडं पाहिलं. भिंतीकडं नाही, तिच्याकडं. मग डावा हात वर केला.

नवकार तिला ऐकून ऐकून पाठ होता, पण ती म्हणायची भरभर, पाढे म्हटल्यासारखा. ते मान हलवायचे आणि तळहात खाली दाबायचे, म्हणजे हळू. एक ओळ आत, एक ओळ बाहेर. शेवटची पाचवी ओळ लांब, ती दोन्हींत वाटून घ्यायची. हे तिला पहिल्या दिवशी जमलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी ती शेवटच्या ओळीवर अडखळली, तेव्हा तिचं चुकलेलं सुधारायला अण्णाप्पांचं तोंड उघडलं आणि पहिला शब्द बाहेर पडला, "णमो."

स्वच्छ. घोगरा, पण स्वच्छ.

दोघंही दचकले. त्यांनी लगेच पाणी मागायचा प्रयत्न केला, तर नुसतं 'आ आ' झालं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. क्रांतीनं त्यांचा हात धरला, पहिल्यांदाच, औषध देण्यासाठी नव्हे. "राहू दे अण्णा. आलंय ते सोडायचं न्हाय. परत म्हणा."

डॉक्टरांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, लहानपणापासून घोकलेलं कधी कधी असं शाबूत राहतं, त्याच वाटेनं बाकीचं आणता येतं का बघा. मग रोज सत्तावीस श्वास झाले की सोडलेल्या एका लांब श्वासावर एक शब्द, असा नेम सुरू झाला. पाणी. व्हय. न्हाय. 'नको' हा शब्द आल्यावर त्यांनी तो इतका वापरला की क्रांतीला वाटलं, उगीच शिकवला. चेंडूही परत आला. तो तिनं दिला नाही, त्यांनीच मागितला. माघ लागला तेव्हा ते काठी धरून गॅलरीपर्यंत जाऊ लागले होते.

एका सकाळी ते म्हणाले, "हात... हातक..."

"हात दुखतोय?"

"न्हाय. हातक... णंग..."

"हातकणंगले?"

ते जोरजोरात मान डोलावू लागले. हातकणंगल्याला उतरून कुंभोजच्या बाहुबलीच्या डोंगरावर जायचं, दर पौर्णिमेला, हा त्यांचा जुना रिवाज होता. वृषभ म्हणाला, रविवारी गाडी काढतो, चाकाची खुर्ची घेऊ. अण्णाप्पांनी काठी आपटली. "नको. रेल्वे."

मंगळवारी दोघंच निघाली. क्रांतीनं मोठी बॅग भरली होती. दोन जोड कपडे, थर्मास, रक्तदाब मोजायचं यंत्र, उशी, फळं, चादर. अण्णाप्पा खुर्चीवर बसून डाव्या हातानं एकेक वस्तू बाहेर काढत गेले. उशी. थर्मास. चादर. शेवटी एका कापडी पिशवीत टॉवेल, पाण्याची बाटली आणि गोळ्या एवढंच राहिलं. यंत्रावरनं वाद झाला, पण तेही घरीच राहिलं. पिशवी त्यांनी स्वतःच्या खांद्याला लावली.

पॅसेंजरला गर्दी नव्हती. समोर रुकडीचा एक शेतकरी बसला होता, मांडीवर रोपांचा ट्रे. गाडी हलताच त्यानं विचारलं, "पावणं, कुठवर?"

अण्णाप्पांनी श्वास घेतला आणि सोडता सोडता म्हणाले, "बा... हु... बली."

"ब्येस. आणि ही लेक व्हय तुमची?"

क्रांती उत्तर द्यायला पुढं झाली. अण्णाप्पांनी हात आडवा केला. तोंड वाकडं झालं, मानेच्या शिरा ताठ झाल्या. शेतकरीही बिचारा वाट बघू लागला.

"सू... न," ते म्हणाले. पुन्हा श्वास घेतला. "माझी."

"बरं झालं की सून संगट हाय," शेतकरी म्हणाला आणि रोपांवर पाणी शिंपडू लागला. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. क्रांती मात्र खिडकीबाहेर बघत राहिली. खालून पंचगंगा गेली, उसाचे फड गेले, रुकडी आली, शेतकरी उतरला, तरी ती बघतच होती.

हातकणंगल्याहून सीटा भरून नेणाऱ्या वडापच्या जीपनं ती दोघं डोंगरापाशी पोचली. ऊन अजून कोवळं होतं. पायऱ्यांपाशी चपला काढल्या. अण्णाप्पा एक पाय वर ठेवायचे, काठी टेकायचे, एक श्वास, मग दुसरा पाय. क्रांती उजव्या बाजूला राहिली, धरलं नाही, फक्त हात जवळ ठेवला. एकतिसाव्या पायरीला ते थांबले. वर अजून शेकडो होत्या.

"बास करायचं?"

"बास."

ती पायरीच्या कडेला बसली. शेजारी ते. वरच्या देवळांकडं बघून त्यांनी हात जोडले, म्हणजे डाव्या हातानं उजवा उचलून त्याला जोडला. मग दोघांनी सत्तावीस श्वास मोजले. येणारे-जाणारे बाजूनं वाट काढत होते.

झाल्यावर क्रांतीनं विचारलं. ठरवून आली नव्हती, पण विचारलं. "अण्णा, बारा वर्षं का बोलला न्हाईसा माझ्याशी?"

त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली, श्वास घेतला.

"हट्ट," ते म्हणाले.

"एवढंच?"

"एव... ढंच." आणि मग त्यांच्या तोंडाच्या चांगल्या बाजूला हसू आलं, ओशाळलेलं. क्रांतीला रडू यायला हवं होतं, पण तीही हसली. बारा वर्षं तिनं त्या मौनामागं केवढं काय काय रचलं होतं. जात, रीत, भावकी, अपमान. तेही सगळं होतंच म्हणा. पण आज तिथं एक म्हातारा बसला होता, त्याला स्वतःचीच लाज वाटत होती.

परतीच्या गाडीत त्यांनी तिची बाही ओढली. "तुझं... गाव."

"माझं? कशाला?"

"जायचं."

पुढच्या महिन्यात, चैत्राच्या यात्रेची गर्दी सुरू व्हायच्या आत, एसटीनं ती दोघं जोतिबाच्या पायथ्याशी उतरली. तेव्हा अण्णाप्पांना साठेक शब्द येत होते. क्रांतीचे वडील, गुंडू, फेटा बांधून थांब्यावर उभे होते. बारा वर्षांचे व्याही, आणि पहिलीच भेट. गुंडूंनी काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं असावं, पण ऐनवेळी विसरले. त्यांनी अण्णाप्पांच्या खांद्यावरची पिशवी घेतली. "पावणं, एवढंच सामान व्हय?"

"बास... हाय," अण्णाप्पा म्हणाले.

घरी क्रांतीच्या आईनं, विठाबाईनं, दुपारपासून चूल पेटवली होती. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, आणि दिवस मावळायच्या आत पानं वाढायची. लेकीला तिनं फोनवर चार वेळा विचारून घेतलं होतं. ती पुन्हा पुन्हा दारात येऊन सूर्य बघत होती आणि आत जाऊन भाकरी थापत होती.

"घाई... नको," अण्णाप्पा ओसरीवरनं म्हणाले.

"घाई न्हवं तर काय," विठाबाई आतनं म्हणाली. "बुडाला की मग तुमी जेवायचं न्हाई. बसा गुमान."

सुनेच्या आईनं दिलेली ही पहिली तंबी. अण्णाप्पा गुमान पाटावर बसले. ऊन अजून कौलांवर होतं. गुंडूंनी त्यांच्या डाव्या हाताला सोपं पडेल असं ताट फिरवून ठेवलं, आणि क्रांतीनं पहिली भाकरी वाढली.